चित्रातली बाई बसली होती

रविवार, १ डिसेंबर १९५७

पहिल्या पानावर नाव-गाव लिहायचं असतं म्हणून लिहिते. मी शालन. साताऱ्याकडची. मराठी सातवी पास, तीही पहिल्या नंबरानं. हे इथं कुणी विचारत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं. मालक पिंपरीच्या नव्या औषधांच्या कारखान्यात फिटर, म्हणून कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर. घरात माणसं चार : हे, मी, मामंजी आणि आत्याबाई. सासऱ्यांना आणि सासूबाईंना आमच्याकडं असंच म्हणतात. मामंजी पोलिसात हवालदार होते. पेन्शनीत निघून चार वर्षं झाली, आवाज अजून ड्यूटीवर आहे.

ही डायरी मागच्या सालची, यांना स्टोअरमधून मिळाली. वार सगळे चुकीचे. मी खोडून खरे लिहिणार आणि वही ठेवणार बाजरीच्या डब्यामागं.

आजच का सुरू केली ते सांगते. महिला मंडळाच्या वाचनालयात एक मासिक चाळत होते. त्यात एक चित्र. टेबलाभोवती नवरा, दोन पोरं, एक म्हातारा, एक म्हातारी. मधे बुटकी फुलं, भांडी, पाव. वर मथळा : ‘जेवणाचे टेबल — मोकळी, घरगुती मांडणी’. खाली बरंच लिहिलंय. ताटं एकसारखी नसली तरी चालतात, फुलं उंच नकोत म्हणजे समोरच्याचं तोंड दिसतं, पदार्थ मधोमध ठेवावेत, ज्यानं त्यानं हातानं घ्यावं. ते सगळं मी नंतर वाचलं. आधी मला एकच दिसलं. चित्रातली बाई बसली होती. पदर खोचून उभी नव्हती, हातात पळी नव्हती. बसून खात होती, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटतही नव्हतं.

आमच्याकडं आधी मामंजी आणि हे पाटावर. आत्याबाई शेगडीपाशी भाकरी थापणार, मी तव्यावरची गरम उचलून पळत वाढणार. ते हात धुऊन उठले की मग आम्ही दोघी. तोवर सगळं गार. त्यात आत्याबाईंची एक खोड मला भारी डाचते. बसल्या बसल्या दुरडीत आधी हात घालतात आणि आपली भाकरी ओढून घेतात. मला म्हणतात, “तुजी खाली हाय.” एवढी कसली घाई! मी काय पळवून नेणार आहे? पण हात मात्र मानायला हवा. तीन वर्षांत करपलेली भाकरी माझ्या ताटात एकदाही आली नाही.

बुधवार, ४ डिसेंबर

परदेशातून यंत्रं आली ती मोठाल्या लाकडी खोक्यांतून. खोकी फोडून फळ्या कामगारांना दिल्या. यांच्या वाट्याला बऱ्याच आल्या. मामंजी म्हणाले, पलंग कर. आत्याबाई म्हणाल्या, देव्हारा कर. मी म्हटलं, जेवायचं टेबल.

सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की मी जणू हत्ती मागितला.

“टेबल काय साहेबाच्या घरी असतंय,” मामंजी म्हणाले.

“मग आपल्याही असू दे,” मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. जीभ चावली नाही पण. हे गालातल्या गालात हसले आणि रंधा आणायला गेले. नवऱ्यांत नवरा बरा आहे माझा, फक्त बोलायची वेळ आली की त्याला कुठंतरी जायचं असतं.

रविवार, ८ डिसेंबर

टेबल झालं! पुढच्या खोलीत खिडकीशी लावलं. उरलेल्या फळ्यांचा बाक, खिडकीपाशी एक खुर्ची, या बाजूला स्टूल. चार माणसं नीट बसतात. मी मोजून करवून घेतलं.

एक घोळ झाला. खोक्यावर काळ्या रंगात बाण असतो, ही बाजू वर ठेवा असं सांगणारा. तसा बाण असलेल्या फळीचा यांनी टेबलाचा एक पाय केला आणि तो उलटा ठोकला. बाणाचं टोक आता जमिनीकडं. मामंजींनी चष्मा लावून बघितलं आणि काय खूश झाले! “बगा, खोक्यावर पन लिवलंय, खाली बसा!” दुपारभर येईल त्याला दाखवत होते. मी यांना पाय काढून सरळ ठोकायला लावला. आता बाण वर आहे.

आत्याबाई टेबलाभोवती एकदा फिरल्या, फळीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावानी बसून जेवायचं का आता मान्सानं?” आणि आत निघून गेल्या.

मंगळवार, १० डिसेंबर

लिहायला लाज वाटते, पण खरं ते लिहायचं.

हे आज टेबलावर जेवणार होते, तर म्हटलं पहिलाच दिवस, शोभा करू. ताटाभोवती रांगोळी काढली. पंगतीत काढतो तशीच, वेलबुट्टी, चार कोपऱ्यांत गोपद्म. लांबून बघितलं, झकास. हे येऊन बसले आणि टेकले कोपर. जमिनीवर जेवताना माणूस कोपर कुठं टेकतो? माझ्या ध्यानातच नाही! अर्धी वेल बाहीला, अर्धी ताकाच्या वाटीत. त्यातून खिडकी उघडी. वारा आला तशी उरलेली भातावर बसली. यांनी पहिला घास घेतला, कचकन वाजला, आणि बिचारे तसेच गिळून मोकळे झाले.

मामंजी खाली पाटावर होते. हसून हसून त्यांना ठसका लागला. आत्याबाई हसल्या नाहीत. ओल्या फडक्यानं फळी पुसून घेतली, दोनदा.

संध्याकाळी हे मुकाट पाटावर जाऊन बसले. “अण्णांना बरं वाटत नाही गं, मी वर आणि ते खाली,” म्हणाले. मामंजींना हे अण्णा म्हणतात. मला काय वाटतं ते कोण विचारतं! मी एकटी बसले असते टेबलाशी, कुणी बांधून ठेवलं नव्हतं. पण एकटीला नको होतं. चित्रातली बाई एकटी नव्हती.

टेबल मांडायचं मात्र मी सोडणार नाही. रोज मांडणार.

शुक्रवार, २० डिसेंबर

ओटीत आलेले खण पेटीत पडून होते. चार काढले, दुमडून ताटाखाली घालायला केले. एक हिरवा, एक जांभळा, दोन वेगवेगळे लाल. मासिक म्हणतं एकसारखं नको, तर माझ्याकडं एकसारखं काहीच नाही. मधे पसरट परडी. फुलदाणी नाही, आणायचीही नाही. काळेवाडीची भाजीवाली शेवंता येते, तिच्याकडून हरभऱ्याचे डहाळे घेतले, कोवळी गाजरं पानांसकट, बोरं, चार कणसं बाजरीची. रंग बघावा नुसता! आणि सुकायच्या आत खाऊन टाकता येतं.

पण घरात मांजर शिरतंय. मी दुपारी शिवणाच्या वर्गाला जाते, दोन ते चार. परत येते तर खिडकीपाशीची खुर्ची सरकलेली. हिरवा खण चुरगळलेला. काल त्यावर शेंगदाण्याच्या चटणीचा डाग. परडीतलं एक गाजर कमी. मिठाची वाटी मी मधे ठेवते, ती रोज खिडकीकडं गेलेली असते. मांजराला मीठ कशाला लागतं?

शेजारच्या कुसुमताईंना बोलले, तुमचं मांजर आवरा. त्या म्हणाल्या, “शालन, माझं मांजर दिवाळीतच मेलं.” मग मेलं कुणाचं ते! मामंजी दुपारचे बाहेर असतात, म्हणून आत्याबाईंना विचारलं, तुम्ही घरातच असता, तुम्हाला कसं दिसत नाही? तर म्हणाल्या, “माजा डोळा लागतो दुपारचा.” राखण करायला ठेवावं तर ही तऱ्हा.

रविवार, २२ डिसेंबर

मंडळानं स्पर्धा काढली. ‘जेवणाच्या टेबलाची घरगुती मांडणी.’ कुसुमताई मंडळाच्या चिटणीस, त्यांनीच नियम वाचले. नुसतं मांडून दाखवायचं नाही. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी, बारा तारखेला, जेवायच्या वेळी अध्यक्षबाई घरी येणार आणि घरातली सगळी माणसं त्या टेबलावर जेवताना बघणार. सगळी! मी सगळ्यांत आधी हात वर केला. नाव लिहा म्हटलं. शालन ज्योतीराम. नवऱ्याचं नाव मोठ्यांदा घेतलं, उखाण्याशिवाय. बायका हसल्या. हसू देत.

घरी अजून सांगितलं नाही.

गुरुवार, २ जानेवारी १९५८

सांगितलं.

मामंजींनी आधी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “म्हंजी तू माज्या म्होरं बसून जेवनार?”

“हो. तुम्ही, हे, आत्याबाई आणि मी. एकाच वेळी.”

“आन् वाढनार कोन?”

“कुणी नाही. सगळं मधे ठेवायचं. हात आहेत की सगळ्यांना.”

“आन् भाकरी? गरम भाकरी कोन देनार?”

इथं मात्र मी अडखळले. खोटं कशाला बोलू, सगळी गाडी याच खड्ड्यात अडकते. भाकरी तव्यावरून गरम हवी तर कुणीतरी तव्यापाशी हवं. चित्रातल्या लोकांना पाव होता, त्यांचं बरं आहे. मी म्हटलं, आधी करून ठेवायच्या. धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळून दुरडीत. सगळ्यांना सारख्या, कोमट.

मामंजी उठून उभे राहिले. “हवालदार उद्धवरावानं गार भाकरी खायची, ती बी सुनंच्या मांडीला मांडी लावून. बारा तारखेला तू त्या फळकुटावर बसलीस तर सांजच्या गाडीनं मी साताऱ्याला. पुन्यांदा तोंड दाखवायचा न्हाई.”

कोपऱ्यात ट्रंक होती ती ओढून पुढं आणली आणि तिच्यावरच बसले. आत्याबाई नुसत्या दुरडीकडं बघत होत्या. हे विडी आणायला गेले. विडी ओढत नाहीत हे.

मंगळवार, ७ जानेवारी

पाच दिवस घरात कुणी धड बोलत नाही. मामंजींचं धोतर-सदरा ट्रंकेत गेलं. रोज सकाळी झाकण उघडतात, बघतात, लावतात.

काल यांनी विषय काढला. “नाव मागं घे ना. एका दिवसापुरतं आहे. अण्णा खरंच गेले तर गावात काय सांगू? सुनेनं हाकललं म्हणतील.”

“आणि मी नाव मागं घेतलं तर मला काय सांगाल?”

हे रंधा पुसायला घेऊन बसले. चांगला माणूस गप्प बसला की जास्त राग येतो.

पण रात्रभर मनात किडा वळवळत राहिला. मी करते आहे ते बरोबर का? म्हातारा माणूस, उतारवयात मुलाकडं आलेला. बसायला मिळालं नाही म्हणून मी काही मेले नव्हते. आई मरेपर्यंत चुलीपुढंच जेवली, तिनं कधी चित्र बघितलं नाही, तक्रारही केली नाही. मी कोण मोठी लागून गेले? असं सगळं वाटलं. आज दुपारी उठले, तशीच कुसुमताईंकडं गेले, म्हटलं, माझं नाव खोडा.

त्या म्हणाल्या, “अगोबाई! आणि कालच तर तुझ्या सासूबाई विचारून गेल्या, बाई किती वाजता येणार म्हणून. बारा-साडेबारा सांगितलं मी.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे सुनेची फजिती बघायला आत्याबाईंना वेळ विचारून ठेवायचीय! घरात मुकं राहायचं आणि बाहेर पंचांग बघत फिरायचं! म्हटलं, कुसुमताई, नाव राहू दे. खोडू नका. आता कोण काय म्हणतं ते बघतेच.

घरी आले तर खुर्ची सरकलेली. त्या मांजराचं तंगडं मोडणार आहे मी.

शनिवार, ११ जानेवारी

उद्या. खण धुऊन वाळवले. तांब्या चिंचेनं घासला. मी बसणार. मामंजी गेले तरी बसणार. हे उठले तरी बसणार. एकटीला नको म्हणत होते, आता एकटी तर एकटी.

रविवार, १२ जानेवारी

क्रमानं लिहिते.

साडेदहाला भाकऱ्या करायला आत गेले तर शेगडी पेटलेली. आत्याबाई तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या थापत होत्या. मी म्हटलं, मी करते. त्या म्हणाल्या, “सर बाजूला. तुज्या वाकड्या व्हत्यात.” मऊ फडकंही काढून ठेवलेलं होतं, मामंजींचं जुनं धोतर, धुतलेलं. मला कळेना, हा टोमणा आहे की काय.

साडेअकराला मांडलं. चार खण, चार ताटं, दोन पितळेची, दोन कल्हईची. मधे परडी : गाजरं, डहाळे, बोरं, कणसं. एका बाजूला दुरडी, एका बाजूला वांग्याची भाजी पातेल्यासकट, लोण्याचा वाडगा, बुक्कीनं फोडलेला कांदा. मिठाची वाटी मधोमध, परडीला टेकून.

मामंजींनी सदरा घातला, टोपी घातली, ट्रंक दारात ठेवली. मग कोपऱ्यातून पाट ओढला, टेबलाकडं पाठ केली आणि खाली बसले. “मला हितं वाढा,” म्हणाले, भिंतीला.

तेवढ्यात दारात अध्यक्षबाई. सावित्रीबाई त्यांचं नाव, साहेबांच्या घरच्या, मागून वही घेऊन कुसुमताई. “चालू द्या, चालू द्या, आम्ही नाही असं समजा,” म्हणाल्या. कसं समजणार!

हे बाकावर बसले. मी बसले, यांच्या शेजारी, मामंजींच्या पाठीमागं दीड हातावर. पाय जमिनीला लागत होते तरी लटकल्यासारखं वाटत होतं. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, हातात पळी.

मामंजी परत म्हणाले, “भाकरी!”

कुणी हललं नाही. माझे गुडघे आपसूक उठायला निघाले, तीन वर्षांची सवय. मी टेबलाची कड घट्ट धरली.

सावित्रीबाईंनी विचारलं, “आजी, तुम्ही मागाहून जेवणार का?”

आत्याबाईंनी पळी कोनाड्यात ठेवली. पदराला हात पुसले. आल्या, आणि सरळ खिडकीपाशीच्या खुर्चीवर बसल्या. खुर्ची पुढं ओढून घेतली, हिरवा खण सरळ केला, आणि परडीला टेकलेली मिठाची वाटी उचलून खिडकीकडं ठेवली. डोळे होते भाजीवर, हात आपोआप गेला. जिथं रोज असते तिथं.

मी त्या वाटीकडं बघतच राहिले. मांजर!

मामंजींनी मान वळवून बघितलं. इतका वेळ भिंतीला लावलेलं तोंड पहिल्यांदा इकडं झालं. “तू बी?” म्हणाले. एवढंच.

“व्हय, मी बी.”

“आन् मला कोन वाढनार?”

“समदं हितं मांडलंय. उठा आन् घ्या.”

“गार भाकरी?”

आत्याबाईंनी दुरडीतलं फडकं उघडलं, एक भाकरी काढली, मधोमध मोडली. मोठ्यांदा नाही बोलल्या, भाकरीकडं बघत बोलल्या. “छत्तीस वरसं मी गारच खाल्ली. तुमास्नी कवा दिसली न्हाई. येक दिस तुमी खाल्ली तर काय जीव जातोय?”

कुसुमताईंची पेन्सिल थांबली. मग बाक करकरला. हे उठले. मला वाटलं, गेले, आता विडी आणायला गेले. पण यांनी भाजीचं पातेलं उचललं आणि आईच्या ताटात वाढलं, भरपूर, मग माझ्या. ज्योतीरामनं मला वाढलं. ज्योतीरामनं! नाव लिहिलंय आणि खोडणार नाही.

मी खाल्लं. भाकरी कोमट होती, लोणी वितळेल इतपत. रडू येत होतं, ते कांद्यावर ढकललं.

मामंजी ट्रंकेकडं बघत राहिले. मग उठले, दुरडीतून एक भाकरी घेतली, भाजी घेतली, आणि परत पाटावर जाऊन पाठ करून जेवले.

सावित्रीबाई जाताना म्हणाल्या, “नीटनेटकं आहे. पण ही सजावट म्हणायची की भाजीचा वाफा? फुलं हवी होती.” आत्याबाई गाजर चावत म्हणाल्या, “फुलं खाता येत न्हाईत, बाई.”

संध्याकाळी कुसुमताई निकाल सांगायला आल्या. आमचा नंबर नाही. शेरा लिहिलाय : ‘कुटुंबप्रमुख जमिनीवर.’ आत्याबाई आणि मी इतक्या हसलो की मामंजी उठून बाहेर ओट्यावर गेले. सांजची गाडी गेली. कुणी आठवण केली नाही.

सोमवार, १३ जानेवारी. भोगी

ट्रंक आत आली. मामंजी म्हणाले, “सणासुदीचं कोन परवास करतंय.” कुणी विचारलं नव्हतं.

यांची पहिली पाळी, डबा घेऊन गेले. दुपारी घरात आम्ही तिघंच. भोगीची भाजी, भाकरी, लोणी टेबलावर मांडलं. मी आणि आत्याबाई बसलो. मामंजींचा पाट खालीच, पण आज भिंतीशी नव्हता, टेबलाच्या पायाशी होता. बाण आहे त्याच पायाशी. त्यांनी हात वर केला की दुरडी हाताला येते.

मी म्हटलं, “आत्याबाई, रोज दुपारी बसत होता, मला सांगायचं तरी. मी मांजराच्या नावानं कॉलनी डोक्यावर घेतली.”

“तू शिवनाला जायाचीस. मला बघायचं व्हतं, बसून कसं लागतंय.”

“कसं लागतं?”

त्यांनी विचार केला. “चव येती,” म्हणाल्या.

मग सवयीनं त्यांचा हात दुरडीत गेला, माझ्याआधी, नेहमीसारखा. वरची बाजूला सारली, तिच्या खालची बाजूला सारली आणि मधली ओढून घेतली. उजेडात टेबलावर पहिल्यांदा नीट बघितली मी ती. एका अंगानं काळी ठिक्कर, करपलेली. “तुजी खाली हाय,” म्हणाल्या.

तीन वर्षं. मी त्यांच्या शेजारी बसून तीन वर्षं जेवले आणि या वहीत काय काय लिहिलं! पहिलं पान फाडून टाकावं असं वाटलं. फाडणार नाही. राहू दे तसंच, मला माझी अक्कल वाचायला.

मी हात पुढं केला, म्हटलं, “आणा ती इकडं. मी खाते.”

“तू कशाला?”

“मग तुम्ही कशाला?”

आम्ही दोघी ती भाकरी धरून बसलो, त्या सोडेनात, मी सोडेना. मग आत्याबाईंनी एकदम हिसका देऊन काढून घेतली, खुर्चीतून वाकल्या, आणि खाली मामंजींच्या ताटात ठेवली.

मामंजींनी भाकरीकडं बघितलं. वर आमच्याकडं बघितलं. मग तिचा तुकडा मोडला, काळ्या बाजूचा, भाजीला लावला, आणि खाल्ला.